बोळातलं कुलूप आणि बुवांच्या झांजा

मित्रांनो, मी काशाच्या झांजांची जुनी जोडी आहे आणि आधीच सांगून टाकते, मला स्वस्थ बसता येत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी कपाटात थरथरते. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच असावं.

शहराच्या लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या ठठेऱ्याने मला घडवलं. तांबटाला आमच्या ग्वाल्हेरात ठठेरा म्हणतात. त्याने मला ओतलं, ठोकलं, कानाशी धरून वाजवलं आणि नाक मुरडून पुन्हा भट्टीत टाकलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो म्हणाला, "हाँ, अब बोली." तेव्हापासून मी बोलतेच आहे.

मला विकत घेतलं लक्ष्मीकांतबुवांनी. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराबरोबर इथे पुरोहित म्हणून आले आणि इथलेच झाले. बुवांनी मला हातात घेऊन चाळीस वर्षं कीर्तनं केली. कीर्तनाचे भाग दोन. पूर्वरंगात बुवा उपदेश करायचे. मग मध्ये थांबायचं, बुवांच्या कपाळाला बुक्का लावायचा, गळ्यात हार घालायचा, आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे गोष्ट. लोक खरं तर गोष्टीसाठीच यायचे. हार पडला की पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसायची. बुक्क्याचं तबक धरायला बुवांचा मुलगा अभिराम असायचा, हाफ पॅंटमधला, घाबरट.

बुवा गेले आणि माझे दिवस फिरले. अभिराम सरकारी कचेरीत लागला. थाटीपुरच्या क्वार्टरमध्ये त्याने मला लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. दसऱ्याला बाहेर काढायचा, चिंचेने घासायचा, फूल वाहायचा, पुन्हा फडक्यात. अकरा वर्षं पूजा झाली, पण वाजवलं कोणी नाही. मला तर तो अपमानच वाटायचा.

तिथून मला बाहेर काढलं त्याच्या मुलीने, प्रांजलीने. तिने न विचारता मला पिशवीत टाकलं आणि थेट दाल बाजारात नेलं. तिथे तिचा मित्र दौलतसिंह ढोलक घेऊन बसला होता. त्याच्या घरातले सगळे बाजारात पोती वाहणारे. ही दोघं स्वतःच गाणी रचायची, चहाच्या टपरीवर गायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून लोकांना पाठवायची. त्यांना कंपनी नाही, कोणी पाठीराखा नाही. चाली जुन्या, बायका लग्नात म्हणतात तशा, पण शब्द असे की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी! पहिले दोन दिवस मी बावचळले. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या दिवसापासून मला त्याची चटक लागली.

आता ज्या गाण्याने हे सगळं घडलं, त्याचं सांगते. दाल बाजाराच्या मागच्या एका बोळात बायका दिवसभर डाळ निवडतात. दौलतसिंहाची वहिनी सोनिका त्यांतलीच एक. त्या बोळात बायकांसाठी शौचालय बांधलेलं आहे, चांगलं पक्कं. पण बांधल्या दिवसापासून त्याला कुलूप, आणि आत डाळीची पोती, इथल्या बोलीत बोरे. चावी गोदामवाल्यांच्या अध्यक्षांकडे. सगळे त्यांना शेठजी म्हणतात. बायका मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी न पिऊन सोनिका दोनदा इस्पितळात पडली. दुसऱ्या खेपेला प्रांजली तिच्या खाटेशी बसली आणि तिने शब्द दिला, "भाभी, हे मी त्या शेठजींच्या तोंडावर गाणार. पक्का."

गाणं दोन भागांचं झालं. पहिला भाग मराठीत होता, डाळ निवडणाऱ्या हातांचा, फार गोड. दुसरा हिंदीत होता, कुलपाचा. पहिला भाग मोबाइलवरून घरोघर पोचला, आणि आमच्या मराठी मंडळाला एकदम उमाळा आला. बुवांची नात! वार्षिक उत्सवात तिचं गाणं झालंच पाहिजे! उत्सव महाराज बाडा चौकामागच्या हॉलमध्ये आणि हॉल कोणाचा, तर शेठजींचा. मंडळाचा गणपतीही दरवर्षी तिथेच बसायचा. शेठजी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसणार होते.

अभिराम मंडळाचा चिटणीस. मंडळात दुसरा भाग ऐकलेला तो एकटाच, तोही घरी. त्याची झोप उडाली. हॉल गेला तर गणपती कुठे बसवायचा, लोक काय म्हणतील, त्याला काही सुचेना. त्याने मुलीला समजावलं, मग विनवलं. प्रांजली म्हणाली, "बाबा, सगळं गाईन, नाहीतर गाणारच नाही. बीच का रास्ता नहीं है."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. समोरासमोर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून त्याने एक युक्ती काढली. पहिला भाग संपला की लगेच शेठजींच्या हस्ते प्रांजलीच्या गळ्यात हार घालायचा, टाळ्या वाजवायच्या आणि माइक काढून घ्यायचा. सत्कार झाल्यावर कोण गातं? शेठजींनाही त्याने तसं सांगून ठेवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. सोनिका आणि बोळातल्या सात-आठ बायका अगदी मागे, दाराशी उभ्या होत्या. प्रांजलीने पहिला भाग गायला. माणसं माना डोलवत होती, आणि मी तिच्या हातात नुसती फुरफुरत होते. शेवटचा ठोका पडतो न पडतो तोच शेठजी हार घेऊन उठले. "बहुत सुंदर, बिटिया," म्हणत त्यांनी तो तिच्या गळ्यात घातला. प्रांजलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने बापाकडे पाहिलं. डाव समजला होता तिला. माझी दोरी तिच्या बोटांतून सुटायला आली. मित्रांनो, इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता!

आणि मग गंमत झाली. टाळ्या वाजल्याच नाहीत. सगळी म्हातारी मंडळी सावरून नीट बसली. कोणी चष्मा पुसला, कोणी पाय मोकळे करून मांडी बदलली. ऐंशी वर्षांच्या सुधाताई उठून चाललेल्या नातवाला म्हणाल्या, "बस खाली. हार पडला, आता उत्तररंग आहे."

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, अभिरामच्याही नाही. आणि त्याचं काय झालं सांगू? सत्काराच्या तबकात बुक्का होता. समोर गळ्यात हार घातलेली, हातात बुवांच्या झांजा धरलेली त्याची मुलगी होती. याचा हात आपोआप तबकात गेला आणि त्याने तिच्या कपाळाला बुक्का लावला. लावून झाल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते.

शेठजी त्याच्या कानाशी कुजबुजले, आता हे संपवा. अभिराम माइककडे वळला. मला वाटलं, आता हा माइक काढून घेणार. तो म्हणाला, "माफ़ कीजिए सेठजी, हमारे यहाँ हार बीच में पड़ता है." आणि तबक घेऊन तो मुलीच्या शेजारी उभा राहिला.

मग काय विचारता! प्रांजलीने मला असं हाणलं की छत दणाणलं.

बोरे भीतर, औरत बाहर, ताला किसके बाप का?
चाबी जिसकी जेब में है, वो बैठा है सामने।

मागच्या बायकांनी दुसऱ्यांदा ती ओळ उचलली, तिसऱ्यांदा सुधाताईंनी. शेठजी उठून निघून गेले. शेवटच्या ठोक्याला माझी एक कड तडकली.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, हॉल मिळणार नाही. त्या वर्षी गणपती थाटीपुरात मांडवात बसला, आणि मंडळातले दोघे-तिघे अजूनही अभिरामशी बोलत नाहीत. पण ती ओळ बाजारात पसरली. हातगाडीवाले ती म्हणत कुलपासमोरून जायचे, पोरं शाळेतून येताना ओरडायची. नवव्या दिवशी दुपारी एक मुनीम आला, पोती काढली, दार उघडं टाकलं आणि मान खाली घालून निघून गेला.

सगळ्यांत आधी सोनिका आत गेली. ती बाहेर आली तेव्हा दौलतसिंहाने गाण्यासाठी म्हणून मोबाइल उचलला. तिने तो हाताने बाजूला केला. "इसका गाना मत बनाना. ये तो होना ही चाहिए था," ती म्हणाली आणि सूप घेऊन कामाला बसली.

मित्रांनो, तडकल्यापासून माझा आवाज घोगरा झालाय. अभिराम म्हणतो, आता हिला आराम देऊ, काचेच्या कपाटात ठेवू. नका ठेवू. मला घासलं नाही तरी चालेल. जे असायलाच हवं ते जिथे नाही, तिथे मला घेऊन चला.