गमरे, पंचशील नगर

सर्व्हिस सेंटरच्या मुलीने फोनवर विचारलं, "मॅडम, कुठल्या कुरिअरने पाठवू? आमच्याकडे दोन आहेत. नाहीतर स्पीड पोस्ट."

प्रीती तेव्हा कल्याणच्या लॅबमध्ये काउंटरवर होती. समोर रक्त तपासायला आलेल्या माणसांची रांग. दोनांतल्या एका कुरिअरचा तिला अनुभव होता. ते लोक वर यायचेच नाहीत, रस्त्यावरूनच फोन करून खाली बोलवायचे. दुसऱ्याचं सगळं ॲपवर दिसतं, पार्सल कुठे पोहोचलं ते कळत राहतं, असं लॅबमधली देवयानी सांगायची. नवऱ्याने, राजरत्नने, सकाळी निघताना बजावलं होतं, "पोस्टाने मागव. आपला पोस्टमन घर ओळखतो." पण पोस्टाला जास्त वेळ लागेल असं तिला वाटलं.

"ॲपवालं," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.

बंगळूरहून येणार होतं ते तिच्या मुलीच्या, मित्राच्या कानाचं मशीन. संघमित्रा हे पूर्ण नाव, पण घरात आणि चाळीत सगळे मित्राच म्हणायचे. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणीच ऑपरेशन करून डॉक्टरांनी कानामागे कातडीखाली एक भाग बसवला होता. बाहेरचं मशीन कानावर अडकवायचं, त्याची वायर असलेली गोल चकती केसांत लोहचुंबकाने चिकटायची, आणि मग मित्राला जग ऐकू यायचं. मशीन काढलं की काहीच नाही. कुकरची शिट्टी नाही, आईची हाकही नाही.

मशीन बंद पडलं तसं ते दुरुस्तीला पाठवलं. ते गेल्यावर मित्रा आधी जोरजोरात बोलायला लागली, कारण स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. मग एकेक शब्द गळायला लागला. "आई, मला पाणी दे" म्हणणारी पोर नुसतं "पा" म्हणायला लागली. नंतर तेही बंद. हाताला धरून माठापाशी न्यायची. प्रीती तिच्याशी बोलायची तेव्हा ती आईच्या गळ्यावर तळहात ठेवून बसायची. बालवाडीच्या बाईंनी निरोप दिला की मुलांना चावते, थोडे दिवस घरीच राहू दे.

वर्तकनगरला विनिता मॅडम मित्राला बोलायला शिकवायच्या. त्या तोंडावर गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "प्रीती, मशीन लवकर आण. या वयात गेलेलं परत आणायला फार मेहनत पडते."

मशीन दुरुस्त होऊन निघालं. ॲपवर ते पुण्याला दिसलं, मग भिवंडीला. प्रीतीने सुट्टी घेतली. 'आज मिळेल' असं ॲपवर आलं त्या दिवशी तिने आंघोळसुद्धा घाईत उरकली आणि दार सताड उघडं ठेवून समोर बसली. जिन्यात पाऊल वाजलं की उठायची. गॅसवाला आला, दुधाच्या पैशाला भैया आला. संध्याकाळी मोबाईल वाजला. 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नाहीत.'

तिने दोनदा वाचलं. मग दाराबाहेर जाऊन जिना खालपर्यंत बघून आली.

कस्टमर केअरला आधी यंत्र बोललं, मग गाणं लागलं, मग एक मुलगा बोलला. "मॅडम, आमचा माणूस येऊन गेलाय."

"मी दारातच बसलेली. सकाळपासून हललेली नाही."

"सिस्टिममध्ये ग्राहक घरी नाहीत असं आहे, मॅडम. उद्या परत प्रयत्न होईल."

"त्या माणसाचा नंबर द्या ना मला."

"तो आम्हाला देता येत नाही. आणखी काही मदत करू शकतो का?"

दुसऱ्या दिवशी राजरत्न थांबला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, सुट्टी मागितली की साहेबाचं तोंड वाकडं व्हायचं, तरी थांबला. दुपारी प्रीतीच्या मोबाईलवर मेसेज आला, 'तुमचं पार्सल पोहोचलं. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' तिने लॅबमधूनच नवऱ्याला फोन लावला.

"आलं?"

"काय आलं?"

"अरे, पार्सल आलं म्हणून दाखवतंय."

"मी इथेच आहे, प्रीती. कुत्रंसुद्धा आलेलं नाही."

ॲपवर पुरावा म्हणून फोटो होता. हिरव्या चौकटीचं दार, उंबऱ्यापाशी रबरी चपला आणि त्यांच्या बाजूला खोकं. प्रीतीच्या घराची चौकट निळी होती. प्रीतीने कस्टमर केअरला तेच सांगितलं, परत परत सांगितलं. ज्याला सांगावं तो पहिल्यापासून विचारायचा. एक जण म्हणाला, फोटो आहे म्हणजे डिलिव्हरी झालीय. दुसऱ्या मुलीने तक्रार लिहून घेतली, चौकशी चालू आहे म्हणाली, आणि चौकशी चालूच राहिली. ओटीपी न विचारता पार्सल दिलंच कसं, हे विचारलं की परत गाणं लागायचं. आठवडा गेला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, आमच्याकडून निघालं, आता कुरिअर तुम्हीच निवडलेलं, त्यांच्याशी बोला.

त्या वाक्यावर प्रीती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. बाहेर मित्रा होती, पण मित्रासाठी नळ सोडायची गरज नव्हती, हे नंतर तिच्या लक्षात आलं आणि तिला आणखी रडू आलं.

राजरत्नने पोस्टाचं नावही काढलं नाही. त्याने काढलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

शेवटी ती कोनगावला कुरिअरच्या गोडाऊनवर गेली. मित्राला बरोबर घेतलं, कारण घरी बघायला कुणी नव्हतं. गेटवरच्या वॉचमनने अडवलं. "पब्लिकला आत सोडत नाय." ती उन्हात उभी राहिली. तिथे आणखीही माणसं होती, कुणाचे बूट यायचे होते, कुणाचं मिक्सरचं भांडं. टेम्पो आत जात होते, बाहेर येत होते. एका टेम्पोने अगदी जवळ येऊन हॉर्न दिला. सगळे बाजूला झाले. मित्रा तिथेच उभी राहिली, टेम्पोकडे पाठ करून. प्रीतीने तिला ओढलं तेव्हा त्या दोघी खडीवर पडल्या.

वॉचमन धावत आला. त्याने पोरीला उचललं, "बेटा, आवाज नाही आया क्या" म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून काय ते समजला. त्यानेच आत जाऊन सुपरवायझरला बोलावून आणलं.

सुपरवायझर चाळिशीचा, डोळे सुजलेले, एका कानाला फोन. प्रीतीने मोबाईलमधला फोटो पुढे केला. तो कंटाळून कॉम्प्युटरवर बघायला लागला आणि थोड्या वेळाने त्याने कानाचा फोन खाली ठेवला.

"ताई, हे तर कळव्याच्या गाडीत गेलेलं."

"कळव्याला कशाला? आम्ही विठ्ठलवाडीला राहतो."

त्याने लेबलचा फोटो मोठा करून दाखवला. खालचा भाग फाटला होता. पिनकोड गेला होता, फोन नंबरही. राहिलं होतं एवढंच, 'गमरे, पंचशील नगर' आणि 'जिल्हा ठाणे'. बाजूला बारीक अक्षरांत, 'कानाचं उपकरण, नाजूक'.

"पंचशील नगर कळव्यात पण आहे," तो म्हणाला. "पोरांनी तिकडे टाकलं."

त्याने डिलिव्हरीवाल्याला फोन लावून दिला. सुदेश नाव होतं त्याचं. सुदेशला आठवत होतं. "हो ताई, गमरेंनाच दिलंय. पहिल्या दिवशी गेलेलो तर कुलूप होतं, शेजारी सांगून आलेलो. दुसऱ्या दिवशी म्हातारे काका दारातच बसलेले. कानाचं मशीन आहे, तुमचंच ना, विचारलं. पेटी दाखवली. ते म्हणाले माझंच. ओटीपी जात नव्हता, फोटो काढून क्लोज केलं."

प्रीती तिथूनच कळव्याला निघाली.

हिरवी चौकट शोधायला वेळ लागला नाही. गमरे म्हटल्यावर पहिल्याच बाईने बोट दाखवलं. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"जय भीम, मावशी. गमरे इथेच राहतात ना?"

"जय भीम. ये की. कुणाची तू?"

"आम्ही पण गमरेच. विठ्ठलवाडीचे. आमचं एक पार्सल चुकून तुमच्याकडे आलंय. कानाचं मशीन."

मंजुळा मावशींचा हात तांदळात थांबला. त्यांनी आत बघितलं आणि आवाज खाली केला, जरी त्याची गरज नव्हती. "तरी मी म्हणत होते. आमचा प्रशांत कधी काय पाठवायचा नाही."

आत खुर्चीवर शिवराम काका बसले होते, डोक्याला पांढरी टोपी. टोपीखालून वायर आली होती आणि मित्राचं मशीन त्यांच्या कानावर होतं. त्यावरचा दिवा लुकलुकत होता. प्रीतीला तो दिवा माहीत होता. मशीनला डोक्यातला भाग सापडत नाही तेव्हा तो तसा लुकलुकतो. ते मशीन त्यांना काहीच ऐकवत नव्हतं, ऐकवणारही नव्हतं.

"मुलगा मस्कतला आहे आमचा," मावशी म्हणाल्या. "बाबांना कानाचं मशीन पाठवतो म्हणून किती दिवस सांगतोय. कुठल्या कुरिअरने पाठवलंस, नंबर दे, म्हटलं की फोन कट होतो. हे खोकं आलं त्या दिवशी यांनी गल्लीभर दाखवलं. सगळ्यांना सांगतात, थोडं थोडं यायला लागलंय. मी समोर उभी राहून हाक मारते, तेव्हा माझं तोंड बघून उत्तर देतात. मी काय बोलणार?"

काकांनी प्रीतीला बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "बस, पोरी. जरा हळू बोल. मशीन नवीन आहे."

प्रीतीला वाटलं होतं की ती भांडेल. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती. आता एकही आठवेना. तिने मोबाईल काढून जुना फोटो शोधला, बालवाडीच्या पहिल्या दिवसाचा. मित्रा हसत होती आणि कानावर तेच मशीन होतं, त्याच्यावर प्रीतीनेच चिकटवलेलं पिवळं फूल. तिने फोटो काकांपुढे धरला, मग मित्राला पुढे केलं, तिचे केस बाजूला करून कानामागची शस्त्रक्रियेची खूण दाखवली.

काकांनी मोबाईल हातात घेऊन फोटो डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी टोपी काढली, मशीन काढलं आणि अंगठ्याने त्यावरून हात फिरवला. फुलाचा अर्धा स्टिकर अजून तिथे होता. मशीन त्यांनी मित्राच्याच हातात दिलं.

"मग माझं कुठंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

मावशी उठून आत चहा ठेवायला गेल्या. प्रीतीने चहा घेतला, कारण नाही म्हणणं तिला जमलं नाही.

घरी जायचं सोडून ती सरळ वर्तकनगरला गेली. राजरत्न कामावरून तिथेच आला. विनिता मॅडमनी मशीन तपासलं आणि मान हलवली. चकतीची वायर मुळाशी तुटली होती, टोपीत दाबली जाऊन. प्रीती खुर्चीवर बसली ती बसलीच. राजरत्नने विचारलं, "मॅडम, आता परत बंगळूर?"

मॅडम कपाटात शोधत होत्या. एका मुलाचं मशीन बदललं होतं, त्याची जुनी वायर त्यांच्याकडे पडून होती. ती बसली. त्यांनी मशीन मित्राच्या कानावर चढवलं, चकती केसांत टेकवली. ती चिकटली. दिव्याचं लुकलुकणं थांबलं.

मित्रा दचकली. मग किंचाळली आणि दोन्ही हातांनी मशीन ओढायला लागली. इतक्या दिवसांनी आवाज तिला मारासारखा लागत होता. मॅडमनी आवाज कमी केला, आणखी कमी केला. प्रीतीने तिला मांडीत घट्ट धरलं. ती हुंदके देत राहिली, हळूहळू शांत झाली.

"मित्रा," राजरत्नने हाक मारली.

तिने मान वळवली. बोलली मात्र नाही. मॅडम म्हणाल्या, "ऐकतेय. पण बोलणं आपल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. 'पा'पासून." राजरत्नने भिंतीकडे तोंड केलं आणि उगाचच चष्मा पुसत राहिला.

शिवराम काकांबद्दल प्रीतीने मॅडमना सांगितलं. पालिकेच्या हॉस्पिटलात वयस्कर माणसांचे कान तपासतात, साधं मशीनही मिळतं, म्हणून मॅडमनी तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं. प्रीती सुट्टी काढून परत कळव्याला गेली, काकांना घेऊन जायला.

काका दारात खुर्ची टाकून बसले होते. मंजुळा मावशी पातळ बदलून तयार होत्या, पिशवीत पाण्याची बाटलीही घेतली होती. काकांनी मान हलवली.

"ते येत नाहीत," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून समजावतेय."

प्रीतीने खुणेने सांगितलं, कान, डॉक्टर, रिक्षा. काकांना सगळं कळलं होतं.

"मागल्या वेळेस आम्ही बाहेर गेलेलो, तर तो कुलूप बघून परत गेलेला," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "प्रशांतचं पार्सल कधी पण येईल. कुणीतरी घरी पाहिजे, पोरी. तू हिला घेऊन जा, हिचे गुडघे दाखव."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. प्रीती थोडा वेळ उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी बसली. गल्लीच्या तोंडाशी एक डिलिव्हरीवाला बाईकवरून आला, पाठीवर मोठी बॅग. काका खुर्चीचा हात धरून उठून उभे राहिले. बाईक त्यांच्या दारावरून पुढे गेली आणि कोपऱ्यावर वळली.