चालत आलेल्या

"व्हीलचेअर कुणा म्हाताऱ्याला द्या," असं वॉर्डबॉयला सुनावून सासूबाई दवाखान्याचा उतार स्वतःच्या पायांनी चढल्या.

घोट्याचं प्लॅस्टर निघून आठवडाही झाला नव्हता. पोटरी टम्म सुजली होती, जिन्यात दोनदा थांबल्या होत्या. तरी निघताना केस विंचरले, इस्त्रीचे कपडे घातले. सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. चारचौघांत उसवलेलं दिसायचं नाही, हा त्यांचा कायदा.

इमर्जन्सीतल्या सिस्टरने विचारलं, "काय होतंय, आजी?"

"काही नाही हो. जरासा दम लागतो. ही उगाच घाबरते."

'ही' म्हणजे मी, खांद्यावर बाळ. मी प्लॅस्टरचं सांगितलं, पोटरी दाखवली. सिस्टरने बोटाला चिमटा लावला. बसल्या जागी ऑक्सिजनचा आकडा बरा होता.

"फुप्फुसात रक्ताची गाठ गेलीय का, बघावं लागेल. रक्ताचा रिपोर्ट आला की स्कॅन. बसा तिथे."

आडवे आलेल्यांना खाट, चालत आलेल्यांना खुर्ची. आम्हाला खुर्ची मिळाली. रिपोर्ट येईना. आला असता तरी स्कॅनच्या खोलीत अपघाताचे पेशंट एकामागून एक जात होते. सिस्टर बिचारी भोवऱ्यासारखी फिरत होती. दोनदा विचारलं, दोनदा ऐकलं, "नंबर आला की बोलावते."

बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेताना मला दिसलं, घाईत मी झबलं उलटं घातलं होतं. शिवण बाहेर, दोरे लोंबतायत. त्यांनीच शिवलेलं झबलं. सासूबाई त्याच्याकडेच बघत होत्या. आणि गप्प होत्या.

मी तडक उठले.

"सिस्टर, त्या बोलत नाहीयेत."

"आराम करू दे ना मग."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही. लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलेलं नाही. पुन्हा मोजा. मोजल्याशिवाय मी हलणार नाही."

"ताई, इथे सगळ्यांनाच घाई आहे."

"असू दे. मी इथेच उभी आहे." बाळानेही नेमका भोकाड पसरून मला साथ दिली.

सिस्टर चिमटा घेऊन आली. तो बोटाला लागतो न लागतो तोच सासूबाई उठल्या. "धडधाकट... आहे मी. चला... घरी." चार पावलं टाकली आणि दाराची चौकट धरली. चेहऱ्यावरचं हसू तसंच. ओठ मात्र जांभळट.

सिस्टरने आकडा पाहिला आणि ओरडली, "स्ट्रेचर!"

डॉक्टर धावत आले. "रिपोर्टची वाट नको. इंजेक्शन आत्ता द्या, स्कॅनची खोली रिकामी करायला सांगा." मग माझ्याकडे वळून, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. पण तुम्ही त्यांचं ऐकलंत."

सासूबाई स्ट्रेचरवर आडव्या होईनात. शेवटी पाठ उंच करून बसवलं. नाकावर मास्क. स्कॅनच्या दारापाशी त्यांनी हात वर केला, सगळे थांबले. मास्क जरासा बाजूला सारला.

"अगं... झबलं... उलटं घातलंयस."

"हो, आई."

"सुलट... कर. लोक... काय म्हणतील."

"तुम्ही बाहेर आल्यावर तुम्हीच करा."

दार लागलं. बाळाने बाहेर लोंबणारा एक दोरा मुठीत धरला होता. मी तो सोडवला नाही.