गाढवीच्या तोंडचा घास

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुंटाला बांधलेली म्हातारी गाढवी गवत चावत होती. चावता चावता ती थांबली, तिने मान वाकडी केली आणि अर्धवट चावलेला ओला गोळा तोंडातून खाली पडला. सडका भपकारा सुटला.

"काळाचा घास!" गावात तंबू ठोकून बसलेला घासबाबा गरजला. "वास आला ना? मरणाचा वास आहे तो! ज्या घराकडे घास पडला, त्या घरातलं एक माणूस गेलं म्हणून समजा!"

घास पडला होता गवंड्याच्या घराकडे.

हसण्यावारी न्यावं, तर आधीचे दोन घास खरे ठरले होते. शिंप्याचे म्हातारे वडील गेले, पाठोपाठ दम्याने बेजार झालेला लोहार गेला.

गवंड्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. तरी सासूने दवाखान्यात न्यायला भरलेली पिशवी फळीवर टाकली. "काळाने बोट दाखवल्यावर डॉक्टर काय करणार? बाबाच दक्षिणा घेऊन घास परत उचलतील." गवंडी आईपुढे तोंड उघडेना. शेवटी बायकोनेच चोरून नणंदेला फोन केला. नणंद जनावरांची डॉक्टर होती.

"ताई, घरात कुणी माझ्याजवळ बसत नाही. मी मेलेच आहे असं बघतात सगळे."

नणंद आली. वहिनीचा पाय दाबून पाहिला आणि भावाला म्हणाली, "दादा, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

आई दारात आडवी आली. "तू ढोरांची डॉक्टर! तुला माणसांतलं काय कळतं?"

"आई, असा पाय सुजला तर मी ढोरालाही घरी ठेवत नाही. सर बाजूला."

गाडी गेली आणि नणंद बॅग घेऊन मैदानात आली. बाबा गाढवीला नीट उभं करत होता. तिची डावी बाजू कुंभाराच्या घराकडे. कुंभाराची मुलगी तापाने फणफणली होती.

"बाबा, आज दोरी मी धरते," म्हणत तिने गाढवीला उलटं फिरवलं आणि गवत पुढे केलं. घास पडला, तो थेट बाबाच्या तंबूकडे.

"आज ग्रह फिरलेत!" बाबा किंचाळला.

"ग्रह कशाला फिरतील? गाढवी फिरवलीय मी." तिने गाढवीला पुन्हा वळवलं. घास पुन्हा गाढवीच्या डावीकडेच पडला. कुणीतरी फिसकन हसलं.

मग गुंगीचं इंजेक्शन देऊन तिने गाढवीचा जबडा उघडला, आत टॉर्च मारला. "या, बघा. डावीकडच्या या दोन दाढांमध्ये फट पडलीय." लांब आकड्याने तिने काळा, कुजलेला चोथा बाहेर ओढला. पुढचे लोक नाक दाबून मागे हटले. "हा तुमचा मरणाचा वास. गवत अडकून हिरडी सडलीय, पू झालाय. या बाजूला घास आला की कळ येते आणि गाढवी तो टाकून देते. आणि हा बाबा घरोघर फिरून कोण आजारी आहे ते काढतो, मग तिची डावी बाजू त्या घराकडे वळवतो."

लोहाराची बायको पुढे आली. "मग आमचे मालक कसे गेले?"

"औषध चालू होतं त्यांचं?"

"घास पडल्यावर... आम्ही बंद केलं."

बाबा तंबूमागे सटकत होता. कुंभाराने त्याची कॉलर धरली, ती पोलीस येईपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. वहिनी वाचली होती. बाळ नव्हतं वाचलं. रक्तदाब फार चढला होता. आणायला उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "मग तो घास कुणाचा होता गं?"

"गाढवीचा, आई. तिची दाढ दुखत होती."

उद्या तुमच्याही गल्लीत असा कुणी येईल. गाढवी नसेल, दुसरं काही असेल. त्याला विचारा, हे होतं कसं? पुन्हा करून दाखव म्हणा, पण आमच्या हाताने. आणि घरात कुणी आजारी असेल, तर त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. आधी दवाखाना गाठा.