साबण लावलेला गज

“अहो, तो अंगाचा साबण आहे,” न्हाणीघराच्या दारात उभी राहून बायको म्हणाली. “व्हायोलिनला आंघोळ घालताय की काय?”

स्टुलावर बसून म्हातारा गजाचे केस साबणाच्या वडीवर ओढत होता. उजवा हात थरथरत होता. वडीवर वेडीवाकडी खाच पडत चालली होती.

“राळ लावायची तिथं साबण लावलात, तर आवाज कसा येणार?”

“येऊ नये म्हणूनच लावतोय.”

तेव्हा तिला कळलं. सिनेमात वाद्यवृंद दाखवायचा असला, की शूटिंगला नुसते हात हलवणारी माणसं बसवत आणि त्यांच्या गजांना साबण फासत. गज तारेवर फिरे, पण आवाज निघत नसे. अशा माणसांना हा जन्मभर हसत आला होता.

“मग जाताच कशाला? घरी पडा निवांत.”

“मास्तरांनी बोलावलंय.”

चित्रपट संगीत ज्यांनी बदललं अशा संगीतकारांवर टीव्हीवाले कार्यक्रम करत होते. त्यातले हयात फक्त मास्तर उरले होते. मास्तरांच्या आधी पडद्यावर माणूस रडू लागला, की चाळीस व्हायोलिनंही गळा काढत. मास्तरांनी त्या जागी वाद्यं थांबवली. आधी लोक हसले, मग सगळेच थांबवू लागले. ती पहिली शांतता ज्या सुरावटीत होती, तीच आज जुन्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित करायची होती.

मास्तरांच्या हातात आखूड पेन्सिल असे. कुणी चुकलं, की ते ओरडत नसत. पेन्सिल त्या माणसाकडे वळवत. त्यानं उभं राहायचं, चूक कबूल करायची आणि खाली बसायचं. एवढ्या गर्दीतून नेमका माणूस त्यांना कानानंच सापडे. भले भले उभे राहिले होते. म्हाताऱ्याकडे मात्र पेन्सिल कधीच वळली नव्हती. पैसा टिकला नाही, पडद्यावर नाव आलं नाही. एवढी एक गोष्ट तेवढी त्याची होती. थरथरत्या हातानं ती आज घालवायची नव्हती.

स्टुडिओत चेलोवाला जाड्या भेटला. आता तो वाळून काटकी झाला होता.

“अजून आहेस होय? तुझ्या शोकसभेत बोलायला चार वाक्यं पाठ करून ठेवली होती मी.”

“राहू दे पाठ. वाया जायची नाहीत.”

मास्तरांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि पेन्सिल उचलली. म्हाताऱ्याचा गज इतरांच्या गजांबरोबर वर-खाली होऊ लागला. कुणाला काही कळलं नाही. मग ती शांततेची जागा आली. सगळे थांबले आणि जाड्याचा चेलो घुमला. भलामोठा, भरलेला सूर, नको तिथं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता पेन्सिल वळणार.

पेन्सिल वळली नाही. मास्तर हात हलवत राहिले. सुरावट संपल्यावर म्हणाले, “उत्तम. झालं.”

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक टीव्हीवाल्या बाईकडे बघू लागला. तिनं तोंडावर हात धरला. स्पीकरमधून ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, “मास्तर, मधल्या जागेत जरा गडबड झाली.”

“हो हो,” मास्तर काचेकडे बघून हसले. “उत्तमच.”

आता कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. मास्तरांचे कान गेले होते. हे असंच बाहेर गेलं असतं, तर त्यांचीच शांतता त्यांना ऐकू आली नाही म्हणून जग हसलं असतं. जाड्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला उठवत नव्हतं.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. मास्तरांचं लक्ष जाईपर्यंत त्यानं गज हवेत हलवला आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलला.

“मास्तर, माझी चूक झाली. थांबायच्या जागी माझा गज लागला. परत घेऊ या.”

मास्तर त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग पेन्सिल हळूहळू वळली.

“तू?”

“हो. मी.”

“ऐकलं होतं मी,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, म्हातारा माणूस, जाऊ दे.”

दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत पार पडलं.

बाहेर पडताना जाड्यानं त्याची बाही पकडली. “अरे, शेजारीच होतो मी. तुझा गज तर वाजतच नव्हता.”

“मग जा, सांगून ये मास्तरांना.”

जाड्यानं फाटकापर्यंत बाही सोडली नाही.

घरी बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. “काय झालं? पेन्सिल?”

“वळली.”

“अहो, पण साबण लावला होतात ना?”

“लावला होता.”

तिनं त्याच्या हातातली व्हायोलिनची पेटी घेतली आणि ती आत गेली. तो हातपाय धुवायला न्हाणीघरात गेला. साबणाच्या वडीवर सकाळची खाच तशीच होती. अंगठा बरोबर तिच्यात बसला. त्यानं हात धुतले, वडी जागेवर ठेवली. आठवडाभरात दोघांच्या वापरानं खाच झिजली आणि वडी पुन्हा सपाट झाली.