सव्वापाच ते सात

आमच्या यतीनला सायकलचा कंटाळा आला तेव्हा ज्याने त्याने आपापल्या परीने मत दिलं. त्याच्या ग्रुपचा कॅप्टन म्हणाला, एक चांगला रायडर गेला. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, पोरगं वाळत चाललं होतं. पोरगं एकोणपन्नास वर्षांचं आहे. माझे पावणेदोन तास गेले, त्याबद्दल मात्र कोणी एक शब्द बोललं नाही. बोलणार तरी कसं? ते तास माझ्याकडे होते हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

नीट सांगते. आमचं घर भाईंदरच्या अलीकडे, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये, चौथ्या मजल्यावर, वन बीएचके. बारा वर्षांपूर्वी लालबागची खोली सोडून इथे आलो तेव्हा हे घर मला मैदान वाटलं होतं. मग सासूबाई कायमच्या राहायला आल्या, इशिता मोठी झाली, आणि मैदान संपलं. बेडरूममध्ये आजी आणि नात झोपतात. मी आणि यतीन हॉलमध्ये, सोफा-कम-बेडवर. तो सोफा उघडला की टीपॉय भिंतीला उभा करून ठेवावा लागतो, आणि बाथरूमला जायचं तर गादीच्या कडेने आडवं होऊन सरकत जावं लागतं. थोडक्यात काय, यतीन झोपलेला असेपर्यंत आमच्या घरात बसायला जागा नसते.

चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणीतरी त्याला काका म्हटलं. महिन्याभरात घरात सायकल आली, हेल्मेट आलं, मागे खिसे असलेली जर्सी आली. रोज पाचला गजर, सव्वापाचला स्वारी घराबाहेर. गोल्डन नेस्ट चौकातून भाईंदर पश्चिम, मिठागरांच्या कडेने उत्तन, तिथून समुद्राकाठचं पाली, आणि सातला परत. सुरुवातीला एकटा जायचा, नंतर ग्रुप भेटला.

दार लागलं की पाच मिनिटांत मी सोफा मिटायचे, टीपॉय आडवा करायचे आणि चहा घेऊन बसायचे. पाय टीपॉयवर, पंखा दोनवर. बस्स. वाचन नाही, पूजा नाही, मोबाइल नाही. मी भाईंदर पूर्वेला एका शाळेच्या ऑफिसात आहे. तिथे कोणी विचारलं की मॅडम, पाचला उठून करता काय, तर मी प्राणायाम म्हणून सांगायचे. काहीच करत नाही असं बाईने सांगायची सोय नाही, लगेच कोणीतरी काम काढतं. सातला हा घामाघूम होऊन यायचा, "आज चाळीस झाले" म्हणायचा, आणि मी अगदी मनापासून "अरे वा" म्हणायचे. आमच्या संसाराला कोणाची दृष्ट लागू नये असं मला तेव्हा वाटायचं.

लागली. गेल्या दिवाळीनंतर गजर झाला की हा हात लांब करून तो बंद करायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. विचारलं तर म्हणायचा, "पाय जड झालेत गं." जानेवारीत एक अख्खा आठवडा हा गेलाच नाही. माझी झोप सवयीने पाचलाच उघडायची. हॉलभर हा पसरलेला, बेडरूममध्ये त्या दोघी. राहिलं स्वयंपाकघर. तिथे बसण्यासारखी एकच वस्तू आहे, गव्हाचा डबा. त्या डब्यावर, ओट्याला गुडघे टेकवून, मी आठवडाभर चहा प्यायले. डब्याच्या झाकणाला कड आहे. ती टोचते.

हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली मी नाही. शिवाय बसायला जागाच नव्हती. मी मोबाइलवर शोधलं, सायकल चालवायचा उत्साह गेला तर काय करावं. बापरे, जगभरातल्या लोकांना हा आजार आहे. कोणी लिहिलंय रक्त तपासा, कोणी लिहिलंय आहार बदला, कोणी म्हणतंय रस्ता बदला. मी पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली. रविवारी घरीच माणूस बोलावून याचं रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सगळं ठणठणीत. रिपोर्ट वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, आनंदाने. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग आहार. खजुराचे लाडू केले, नाचणीचं सत्त्व केलं, केळ्यांचा फणा घरात कायम टांगलेला. ते सगळं त्याने मन लावून खाल्लं आणि जास्तच गाढ झोपायला लागला. मग रस्ता. म्हटलं, रोज तेच तेच बघून माणूस विटणारच, जरा घोडबंदरच्या बाजूला जाऊन बघ. एक दिवस गेला. मी जेमतेम चहा गाळला, तोवर हा दारात उभा.

"का रे?"

"मजा नाही आली," म्हणाला, आणि जोडे काढून सोफा पुन्हा उघडला.

एकदा मात्र त्याला समोर बसवून विचारलं, की बाबा तुझं दुखणं काय ते तरी सांग. तेव्हा तो बराच वेळ बोलला. "सुरुवातीला मी नुसता जायचो गं. पालीला खाली उतरायचो, बोटी बघत उभा राहायचो, वाटलं तर परत फिरायचो. आता निघाल्यापासून हिशोब. किती किलोमीटर, किती स्पीड, चढावर कोण पुढे गेलं. एक दिवस फोटो टाकला नाही तर अभिनवचा मेसेज, काका सगळं ठीक ना? घरी येतो तेव्हा वाटतं एक ड्यूटी संपवून आलोय, आणि आता दुसरीवर जायचंय. मनच होत नाही सुचेता. जोर लावला तरी होत नाही."

खरं तर ऐकून मला कळवळा यायला हवा होता. मी म्हटलं, "मग ग्रुप सोड आणि बोटी बघायला जा. कोण अडवतंय?"

"आता बोटीही नको वाटतात," तो म्हणाला.

शेवटी मी त्याला न सांगता त्याच्या कॅप्टनलाच फोन केला. हाच तो अभिनव. बत्तीस वर्षांचा, स्टेशनजवळ जिम चालवतो, बोलतो असं की ऐकणाऱ्याने उठून दोन जोर काढावेत. म्हटलं, तुमच्याशिवाय हे काम कोणाचं नाही, एकदा येऊन त्यांना समजवा. रविवारी आला. मी पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. त्याने यतीनला अर्धा तास प्रश्न विचारले, झोप कशी, भूक कशी, चिडचिड होते का. मी पडद्याआड उभी राहून देवाचं नाव घेत होते. मग त्याने मला बाहेर बोलावलं.

"काकू, घाबरायचं काही नाही. मोठमोठ्या रायडर्सचं होतं हे. बॉडी फिट आहे, माइंड थकलंय. आता अजिबात पुश करायचं नाही. एक महिना कम्प्लीट रेस्ट. सायकल झाकून ठेवा, डोळ्यांसमोर नको. आणि सकाळी त्यांना मनसोक्त झोपू द्या. सातच्या आधी उठवायचंच नाही."

त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढलेले होते. ते परत घ्यावेत इतका माझा संताप झाला.

यतीनने आजवर कोणाचा सल्ला इतका तंतोतंत पाळला नसेल. डॉक्टरांचा नाही, वडिलांचा नाही, माझा तर नाहीच. महिनाभर हा सव्वाआठपर्यंत झोपला. गॅलरीत सायकलवर माझी जुनी साडी घातली. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, त्याला सक्तीची विश्रांती दिलीय. आणि मी डब्यावर. एकेचाळीस वर्षं मी कधी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, त्या महिन्यात अभिनवचं चिंतलं.

महिना संपल्यावर मी हळूच विचारलं, "काय, कसं वाटतंय आता?"

"छान वाटतंय," तो म्हणाला. "अजून एक महिना घ्यावा म्हणतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. पावणेसहा झाले असतील. मी डब्यावर होतेच.

"इथे काय बसलीस अंधारात?"

"मग कुठे बसू?"

"हॉलमध्ये बस की."

"हॉलमध्ये तू आहेस."

"मग? मी काय चावतो?"

तिथे माझा तोल गेला. आवाज चढवला नाही, आत सासूबाई झोपलेल्या. हळू आवाजात भांडायची मला वीस वर्षांची सवय आहे.

"यतीन, तू सायकल चालवतोस याचं मला काही पडलेलं नाही. तू चाळीस कर नाहीतर चार कर. तू सव्वापाचला घराबाहेर जातोस ना, त्याचं मला पडलंय. तेवढा वेळ हे घर माझं असतं. अख्ख्या दिवसात तेवढाच. मी तिथे बसते, एकटी, पाय पसरून. कोणी मला हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही. मला तो वेळ हवाय. तू गेलास की मला बरं वाटतं."

त्याने ग्लास ओट्यावर ठेवला.

"म्हणजे ते खजुराचे लाडू..."

"हो."

"आणि रक्ताचे रिपोर्ट?"

"हो."

"अभिनवला पण तूच बोलावलंस?"

"मीच."

तो म्हणाला, "मला वाटलं, तुला माझी काळजी वाटतेय."

"काळजी होतीच," मी म्हटलं. कोणाची, ते त्याने विचारलं नाही. ग्लास विसळून पालथा घातला आणि जाऊन पडला. मी मनाशी म्हटलं, आता चार दिवस अबोला. चालेल, अबोल्यातही थोडी शांतता असते.

पण दुसऱ्या दिवशी पाचला गजर झाला आणि हा उठला. जर्सी घातली, हेल्मेट घातलं, सायकलवरची साडी काढून तिची नीट घडी केली. सव्वापाचला दारात उभा राहून म्हणाला, "सातच्या आधी येत नाही." मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. मग सोफा मिटला.

त्या दिवशीचा चहा कसा लागला म्हणून सांगू. पाय पसरले तेव्हा गुडघ्यांतून कट्कन आवाज आला. दुसऱ्या दिवशीही गेला, तिसऱ्याही दिवशी. समोरच्या मिनलबेननी लिफ्टमध्ये गाठलं. "यतीनभाई फिर से चालू हो गए. क्या जादू किया भाभी?" मी खजूर सांगितला. अभिनवचा मेसेज आला की विश्रांतीचा परिणाम बघितलात ना काकू. त्यालाही मी हात जोडलेले पाठवले. जिंकलेल्या माणसाने वाद घालू नये.

दहाबारा दिवसांनी जर्सी धुवायला घेतली, तर तिला वास नव्हता. चार वर्षं ती जर्सी मी दोन बोटांत धरून, तोंड फिरवून मशीनमध्ये टाकत आलेय. मार्चचा उकाडा, पंख्याखाली बसूनही अंग चिकट होतंय, आणि जर्सी कोरडी. मी म्हटलं, पहाटे हवा थंड असेल. सायकलच्या चाकांवर धूळही नव्हती. म्हटलं, रस्ते झाडत असतील. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

मग एका गुरुवारी, पावणेसातला पाच कमी असताना, वाऱ्यासाठी म्हणून गॅलरीत गेले. त्या वेळेला मी कधी सोफा सोडत नाही. खाली पंपरूमजवळ सिमेंटचा बाक आहे, संध्याकाळी म्हातारे बसतात तो. त्यावर यतीन बसला होता. डोक्यात हेल्मेट, बाजूला स्टँडवर सायकल, हात मांडीवर. मोबाइलसुद्धा बघत नव्हता. माणूस दवाखान्यात नंबर लावून बसतो तसा बसला होता. किती दिवस बसत होता कोणास ठाऊक. बहुतेक पहिल्या दिवसापासून. कुठे जायचं त्याला मन होत नव्हतं, आणि घरी यायची परवानगी नव्हती.

मी मागे सरकायच्या आत त्याने वर पाहिलं. मला वाटलं, ओशाळेल. ओशाळला नाही. त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली, आणि मग हातानेच खूण केली, जा, आत जा.

वीस मिनिटं बाकी होती.

खोटं सांगत नाही, हाक मारावी, ये वर, चहा टाकते म्हणावं, हे ओठांपर्यंत आलं होतं. हाक मारली असती तर तो आला असता. फक्त आजच आला असता असं नाही, उद्याही आला असता, परवाही. मी त्याला ओळखते, आणि त्या दिवशी स्वतःलाही जरा ओळखलं.

मी आत आले. गॅलरीचं दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि वीसच्या वीस मिनिटं बसले.