एकालाच आत सोडतात

आईला वृद्धाश्रमात ठेवलंय, असं त्या घरात कोणी म्हणत नसे. दादा ‘केअर सेंटर’ म्हणायचा. ताई ‘तिकडे’ म्हणायची. धाकटा, ज्याला पन्नाशी गाठली तरी सगळे बारक्याच म्हणत, तो काहीच म्हणायचा नाही, कारण आईला गाडीत घालून तिकडे सोडून आला होता तोच. ठरवलं तिघांनी होतं. पण ठरवण्याचं काम थोरल्यांचं आणि गाडी चालवण्याचं धाकट्याचं, ही त्या घराची जुनी वाटणी.

साथ आली तशी सेंटरने फाटक बंद केलं आणि रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना संदेश पाठवायला सुरुवात केली. ‘सर्व आजी-आजोबा आनंदात आहेत.’ खाली गुलाबाचं फूल. काही दिवसांनी ‘बहुतेक आजी-आजोबा’ आनंदात राहू लागले. फूल तेच होतं. मग संदेश थांबले आणि फोन यायला लागले. फोनवर फूल नसतं.

बारक्याला फोन आला तो व्यवस्थापकांचा. गृहस्थ बोलायला मऊ. इतके मऊ, की काय झालंय ते कळायला वेळ लागायचा.

“आईंचा ऑक्सिजन जरा उतरतोय. हॉस्पिटलांना फोन लावून झाले, जागा कुठेच नाही. आम्ही इथेच करतोय जे करायचं ते. भेटायचं असेल तर उद्या सकाळी या. म्हणजे, एकच कोणीतरी. घरटी एकालाच आत सोडतो आम्ही. अर्धा तास.”

“आई बोलते का?”

“मध्येमध्ये बोलतात. उद्याच या, असं मी म्हणेन.”

संध्याकाळी तिघं भावंडं फोनच्या पडद्यावर जमली.

आता या घराचा मानपानाचा इतिहास सांगायला हवा. पत्रिकेत कोणाचं नाव वर, फोटोत मधे कोण, पहिला हार कोणाला, यावरून या घरात वर्षंच्या वर्षं अबोले झाले होते. ताईच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना मधली खुर्ची दिली म्हणून दादा तडक उठून गाडीत जाऊन बसला होता, आणि सगळे मिनतवाऱ्या करून थकेपर्यंत काच खाली केली नव्हती. असा हा दादा. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, अजूनही समोरचा कर्ज मागायला आलाय अशा नजरेने बघणारा. त्या संध्याकाळी मात्र तो नम्रतेने ओथंबला होता.

“ताई, तू जा,” तो म्हणाला. “लेकीचा मान पहिला.”

“छे छे, असं कसं?” ताई म्हणाली. ती शाळेची मुख्याध्यापिका. नकारसुद्धा सूचनाफलकावर लावल्यासारखा द्यायची. “तू थोरला. तू असताना मी पुढे होणं बरं दिसत नाही.”

“अगं, पण मला शुगर आहे.”

“तुला शुगर आहे, मला दमा आहे.”

“तुला दमा कधीपासून?”

“साथ आल्यापासून.”

“नाही, मी गेलोच असतो,” दादा म्हणाला, “पण तुझी वहिनी म्हणते…”

“मी काहीही म्हटलेलं नाही,” पडद्याबाहेरून वहिनी म्हणाली.

मग दोघंही आपापल्या चौकोनातून खालच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या चौकोनाकडे बघू लागली.

“बारक्या,” ताईने विचारलं, “तुझं चष्म्याचं दुकान बंदच असेल ना रे?”

“बंदच आहे.”

“आणि तू एकटाच असतोस. म्हणजे भेटून आल्यावर दोन आठवडे वेगळं राहायचं म्हटलं, तर तुला काय फरक पडतो?”

बारक्याचं लग्न झालं नव्हतं. हे घरातलं वर्षानुवर्षांचं दुःख होतं. त्या संध्याकाळी त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

“जातो मी,” तो म्हणाला.

“बघ हं,” दादा म्हणाला. “आमची जबरदस्ती नाही.”

गंमत अशी, की बारक्याला जायचंच होतं. फोन आला त्या क्षणापासून. पण थोरली दोघं बोलत असताना मधे तोंड घालायची त्याला सवय नव्हती. तिघांतला शेवटचा, म्हणजे कपडे दादाचे, पुस्तकं ताईची आणि आई उरलेल्या वेळची. आईचा सलग अर्धा तास, दुसरं कोणी आत येणार नाही असा, त्याला जन्मात मिळाला नव्हता. त्याला फार काही बोलायचं नव्हतं. पंधरा दिवसांत न्यायला येतो, असं सांगून तो तिला तिथे सोडून आला होता, आणि मग फाटक बंद झालं. आपण आलो एवढं तिने बघावं, इतकंच त्याला हवं होतं.

सकाळी सेंटरच्या फाटकाशी पाच-सहा जण एकमेकांपासून लांब लांब उभे होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एक बाई कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. चौकीदार तिला समजावत होता की आता कपडे नकोत, आणि ती म्हणत होती, धुतलेले आहेत हो. आतल्या व्हरांड्यात औषधाच्या पाण्याने धुतलेले वॉकर ओळीने उन्हात ठेवले होते. वॉकर बरेच होते. खोल्यांच्या दारांवरून नावाच्या पट्ट्या काढलेल्या, त्यांच्या मागचा डिंक तेवढा राहिलेला. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून त्यावर हातमोज्यांची खोकी रचली होती.

एका मुलीने त्याला पांढरा पोशाख चढवला, डोक्यावर टोपडं, नाकातोंडावर दोन मास्क, डोळ्यांवर गॉगल, त्यावर प्लास्टिकची काच. आरशात बघितलं तेव्हा बारक्याने स्वतःला ओळखलं नाही. हे लक्षण काही बरं नव्हतं.

जेवणघराचाच वॉर्ड केला होता. आईची खाट ताटं सरकवायच्या खिडकीखाली होती. शेजारची खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा छताला हिशेब समजावून देत होते. आई एवढीशी झाली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि चष्मा नाही.

“चष्मा कुठंय हिचा?” त्याने सिस्टरला विचारलं.

“मास्कच्या वाफेने धुकं धरतं काका त्याच्यावर. काढून ठेवलाय. कुठेतरी असेल इथेच.”

तो चष्मा बारक्यानेच बनवला होता. त्याच्याशिवाय आईला हातभर अंतरावरचा माणूस म्हणजे नुसता डाग दिसतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? तो वाकला. तिचा हात हातात घेतला. तिच्या हाताला लागलं ते रबर.

“आई, मी आलोय. बारक्या.”

दोन मास्क आणि एका काचेतून ते जे काही बाहेर पडलं, त्याला नाव नव्हतं. आईने डोळे उघडले.

“दादा?”

“बारक्या, आई.”

“दादा आलास?” तिचा चेहरा असा काही सैलावला, की दुसऱ्यांदा दुरुस्ती करायचा बारक्याला धीर झाला नाही.

“हो,” तो म्हणाला.

“दमलास का रे? किती धावपळ करतोस.” एकेका शब्दामागे ती श्वास गोळा करत होती. “माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला तूच बसला होतास. रात्रभर. स्टुलावर. सगळं लक्षात आहे माझ्या.”

त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. बारक्याला तो चांगलाच आठवत होता. त्या रात्री दादा एका परिषदेला गेला होता आणि तिथून त्याने फुलं पाठवली होती.

“तू होतास म्हणून सगळं निभलं,” आई म्हणाली.

“हो आई.”

“ताई कुठंय?”

आता काय सांगावं? दमा झालाय म्हणावं? “बाहेर आहे,” तो म्हणाला. “एकालाच आत सोडतात.”

“मग तू जा ना. तिला पाठव. ती कधीची उभी असेल.”

“जातो. थोडं बसतो.”

“जा रे. तिचे पाय दुखतात.”

आईने सांगितलं आणि बारक्याने ऐकलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. तो उठला, दाराबाहेर गेला आणि धुतलेल्या वॉकरांपाशी उभा राहिला. तिथे त्याने मनाशी सगळं ठरवलं. ताई म्हणून एकदा जायचं, चटकन. मग स्वतः म्हणून. तेव्हा मात्र काच, गॉगल, मास्क सगळं खाली करायचं. नियम गेले खड्ड्यात. क्रमाने घेतलं की सगळं होतं, असं त्याला वाटलं. आधी आपण स्वतः जावं आणि ताई राहिली तर राहू द्यावी, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तो आत गेला. या वेळी बोललाच नाही, नुसता तिचा हात धरला.

“ताई?” आई म्हणाली. तिने हात वर करून चाचपला तो टोपड्याला लागला. “केस कापलेस होय गं? बरं केलंस. उकडतं.”

त्याने मान हलवली.

“जावईबापूंशी भांडू नकोस. ते ऐकून घेतात म्हणून किती बोलायचं माणसाला?” ती थांबली. छातीतून किटली उकळल्यासारखा आवाज येत होता. “बारक्या आलाय?”

त्याने हात दाबला.

“त्याला आत पाठवू नकोस. त्याला नाही बघवत असलं. सुई बघून चक्कर यायची त्याला. तो तिकडे फाटकाशी उभा असेल, आत ये म्हटल्याशिवाय यायचा नाही. त्याला घरी जा म्हणावं. नीट जेव म्हणावं.”

“येऊ दे ना त्याला,” बारक्या बारीक आवाजात म्हणाला. तो मुद्दाम काढलेला आवाज नव्हता.

आईने बराच वेळ विचार केला.

“बरं, पाठव,” ती म्हणाली. “पण लगेच जा म्हणावं.”

तो जवळजवळ धावतच बाहेर गेला. व्हरांड्यात पोचताच टोपड्याची गाठ सोडली, काच काढली, गॉगल कपाळावर चढवला. घामाने डोळे चुरचुरत होते. वळून दाराशी आला तर सिस्टर मधे उभी.

“काका, हे काय? किट का काढलं? आणि वेळ झाली तुमची.”

“एकच मिनिट. मला आईला भेटायचंय.”

“आत्ताच तर भेटलात. दोनदा गेलात आत, मी बघितलं.”

“ते दोनदा मी नव्हतो.”

सिस्टरने त्याच्याकडे निरखून बघितलं. त्या महिन्यात तिने नातेवाइकांचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. तिच्या गॉगलच्या आत पाण्याचे थेंब जमले होते, आणि ते पुसायला तिला हात आत घालता येत नव्हता.

“हे बघा,” ती म्हणाली, “त्या बाई कपडे घेऊन उभ्या आहेत ना, त्यांच्या वडिलांना अर्धा तास तरी मिळेल का, मला माहीत नाही. तुम्हाला मिळाला. आता व्हा बाजूला.”

बारक्या बाजूला झाला. बाजूला होणं त्याला चांगलं जमायचं. दारातून खाट दिसत होती. आई दाराकडे तोंड करून वाट बघत होती. तिच्या नजरेला तिथे नुसता उजेड दिसत असणार. कपडेवाली बाई आत गेली आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांनी परस्पर उरकले. सेंटरने नेहमीसारखा संदेश पाठवला. त्यात फूल होतं.

बारक्या दोन आठवडे आपल्या खोलीत कोंडून बसला. भेटून निघाल्यावर गाडीतूनच त्याने दोघांना फोन करून आईचे निरोप सांगितले होते. ताईला तिच्या वाटणीचा, दादाला दादाच्या वाटणीचा, स्टुलासकट. दादाने शांतपणे ऐकून घेतलं. हक्काचा पगार घ्यावा तसं.

ते निरोप मग हळूहळू मोठे होत गेले. पहिल्या दिवशी दादा नातेवाइकांना सांगत होता, “आईने माझ्यासाठी निरोप ठेवला.” दोन दिवसांनी, “शेवटी माझंच नाव तिच्या तोंडी होतं.” आठवडा संपता संपता फोनवर शोकसभा झाली तेव्हा पडद्यावर पंचवीसेक चौकोन होते, आणि मधल्या चौकोनात दादा होता.

“मला म्हणाली, तू होतास म्हणून निभलं,” दादा सांगत होता. त्याचा आवाज खरोखरच दाटला होता. “ऑपरेशनच्या वेळी रात्रभर स्टुलावर बसलो होतो मी, तेसुद्धा विसरली नाही.”

“मला म्हणाली, केस कापलेस ते बरं केलंस,” ताईने डोळे पुसले. केस तिने खरंच कापले होते, परवाच.

आईची धाकटी बहीण, म्हणजे यांची मावशी, पडद्याच्या फार जवळ बसली होती. तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

“आणि बारक्या रे? तुला काय म्हणाली?”

बारक्याने तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं. तेवढ्यात त्याला दादाचा चेहरा दिसला. दादा अगदी निर्धास्तपणे त्याच्याकडे बघत होता. त्याने काही लपवलं नव्हतं. त्याला आता ते स्टूल आठवत होतं.

“माझी भेट नाही झाली, मावशी,” बारक्या म्हणाला.

“अरेरे. असं कसं झालं?”

“वेळ संपली.”

“चालायचंच रे,” दादा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने धाकट्या भावाशी इतक्या मायेने बोललेलं सगळ्यांनी ऐकलं. “मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही होतो ना तिच्यापाशी.”