न दुमडलेली कड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डबा आहे आणि मी माणसांना चावलो आहे. संगणकाचे सगळे भाग ज्याच्या पोटात बसवतात आणि ज्याला दुकानात कॅबिनेट म्हणतात, तो मी. डब्याला कसला आलाय स्वभाव, असे तुम्हांला वाटेल. मला होता आणि तो वाईट होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कीव करायची की माझा राग, ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्मच मारातून झाला. एका मोठ्या कारखान्यात जाड पत्र्यावर यंत्राचा ठोकळा कोसळला आणि पहिल्या दणक्यात मला पाठ, पोट आणि कोपरे मिळाले. दुसऱ्या दणक्यात पाठीला खिडक्या पडल्या. तिसऱ्यात आतल्या भिंतीवर सहा उंचवटे उठले. त्या उंचवट्यांवर फक्त माझ्या कंपनीचा मदरबोर्ड बसायचा. माझ्या खिडक्याही त्याच्याच मापाच्या होत्या. वीज वाटून देणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात, तिची जागासुद्धा कंपनीच्या लांबट पेटीपुरतीच होती. कपाळावर कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी. बाजारातला कोणताही भाग माझ्यात बसत नसे आणि या गोष्टीचा मला भारी तोरा होता.

हिंगोलीच्या एका कार्यालयात मी आलो, तेव्हा लोक मला पाहायला दारात गोळा झाले. मुंजाजी नावाच्या कारकुनाच्या टेबलावर मला जागा मिळाली. दसऱ्याला तो मला झेंडूची माळ घालायचा आणि मी अडलो की त्याच हाताने दणके द्यायचा. ‘चालून राहिलं का न्हाई, का देऊ अजून एक?’ असे विचारायचा. मी आठ वर्षे त्याचे काम केले आणि त्याचे दणके खाल्ले. माझ्या डाव्या कुशीत पोचा आहे, तो त्याच्या बुटाचा. मीही काही साधा नव्हतो. माझ्या सगळ्या कडा कारखान्याने दुमडलेल्या होत्या, पण आत एक कोपरा तसाच धारदार राहिला होता. जो मेकॅनिक मला उघडायचा, त्याच्या बोटाला मी तिथे चावायचो. रक्त निघाले की मला बरे वाटायचे.

मग नवी यंत्रे आली. मला अडगळीच्या खोलीत टाकले आणि कित्येक वर्षांनी भंगारवाल्याच्या माणसांनी माझे पोट उपसून काढले. बोर्ड ओरबाडला, वायरी उपटल्या, आणि रिकामा सांगाडा वरच्या मजल्यावरून खाली टेम्पोत फेकला. तिथून मी गुलाम नबींच्या दुकानात पोहोचलो. गुलाम नबी पत्र्याच्या पेट्या करतात. मला कापून माझ्या पत्र्याची झाकणे करायचा त्यांचा विचार होता. त्यांनी ग्राइंडरला नवी चकती लावली, मला आडवे पाडले, आणि तेवढ्यात शीतल आली.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत, हळदीच्या गिरणीला लागून, शीतलचे ऑनलाइन फॉर्म भरायचे सेंटर होते. कोणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की भरतीचा, तालुक्यातली पोरे तिच्याकडेच यायची. तिची बोटे कळफलकावर अशी पळायची की समोरचा माणूस तोंडाने सांगताना मागे पडायचा. पण गिरणीची हळद हवेत उडायची आणि गल्लीत उंदीर पोसलेले. नव्या पातळ जाळीच्या दोन कॅबिनेटांमध्ये हळद भरली, उंदरांनी वायरी खाल्ल्या आणि दोन्ही यंत्रे गेली. तिने माझ्या पाठीवर मूठ आपटून पाहिली.

“चाचा, हा डबा कापू नका. ह्याच्यात उंदीर शिरत न्हाई.”

“उंदीर तर न्हाईच शिरत, बेटी. पण तुझं सामानबी न्हाई शिरायचं. कंपनीचं मापच येगळं असतंय.”

“मापाचं तुमी बघा, वायरीचं मी बघते.”

तिची घाई खरी होती. धर्मसिंग नावाच्या तांड्यावरच्या शेतकऱ्याची मुलगी सेवा नर्सिंगला जाणार होती. तिच्या कागदांच्या प्रती शीतलच्या वाचलेल्या डिस्कमध्ये होत्या आणि मूळ कागद दुसऱ्या गावच्या कॉलेजात अडकलेले. फॉर्म भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. यंत्र चालू झाले नाही तर सेवाचे वर्ष गेले असते.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावर जे झाले, ते आठवले की अजून पत्रा थरथरतो. शीतल मापे सांगत होती आणि गुलाम नबी तोडत होते. आतले सहा उंचवटे त्यांनी छन्नी लावून, घणाने ठेचून सपाट केले. नव्या बोर्डासाठी ड्रिलने नवी भोके पाडली आणि त्यांत पितळी खुंट्या बसवल्या. ज्या उंचवट्यांचा मी तोरा मिरवत होतो, ते दहा मिनिटांत नाहीसे झाले. मग माझ्या पाठीत ग्राइंडर घातला. ठिणग्या उडाल्या, रंग जळाला, खिडकीची चौकट किंचाळत तुटली. मी अंग आखडून धरले. चकती अडकली, तडकली, आणि तिचा तुकडा उडून गुलाम नबींच्या भुवईत घुसला.

त्यांच्या डोळ्यावरून रक्त वाहू लागले. खाली बसून त्यांनी शर्टाची बाही भुवईवर दाबली. शीतलचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्यांनी भुवईला पट्टी बांधली, दुसरी चकती लावली आणि उरलेली पाठ कापली.

पुढचे काम शीतलने केले. माझ्या बटणाची वायर कंपनीच्या एकाच ठोकळ्यात गुंफलेली होती आणि तो ठोकळा नव्या बोर्डाला लागेना. तिने तो सरळ छाटला, वायरी सुट्या केल्या आणि एकेक लावून बघत बटणाची जोडी हुडकली. नवा एसएमपीएस मागे मावत नव्हता. तो तिने पुढच्या बाजूला, जिथे पूर्वी माझे सीडीचे घर होते तिथे बसवला. त्याला वीज द्यायची तर मागच्या भोकातून वायर आत घेऊन, कापलेल्या पाठीच्या कडेवरून पुढे न्यावी लागली. ती कड कोरी होती, नुकती कापलेली, पात्यासारखी.

गुलाम नबींनी कडेवरून नख फिरवले आणि ते थांबले.

“सामान काढ, बेटी. कड दुमडतो. मुरड घातल्याबिगर माझ्या दुकानातून पत्रा जात न्हाई.”

“आतली बाजू हाय, चाचा. तिथं कोण हात घालायलंय? पुन्हा समदं खोलायचं म्हंजे संध्याकाळ होईल.”

“माझ्या लेकीच्या, अंजुमच्या, बोटाचं टोक पेटीच्या कडंनं गेलंय. तीन वर्सांची व्हती. तवापासून एकबी कड म्या सोडली न्हाई.”

“सेवाचा फॉर्म जाऊ द्या, मग दुमडा. परवा घेऊन येते मी.”

गुलाम नबींनी पुन्हा एकदा कडेवरून नख फिरवले. मग त्यांनी होकाराची मान हलवली. अंजुमच्या बोटानंतर पहिल्यांदा त्यांनी कड सोडली. झाकण लावताना वायर कडेवर दबली, ती दोघांनाही दिसली नाही. मला दिसली. मी सांगू शकत नव्हतो, आणि सांगता आले असते तरी त्या दिवशी मी सांगितले नसते.

सेंटरमध्ये मी चालू झालो. पंखा फिरला, पडदा उजळला, शीतलने टाळी वाजवली. मला टेबलावर ठेवताना तिने मागची वायर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात खुपसली. त्या वायरीची जाड तिसरी पिन, जी अंगात उतरलेली वीज जमिनीत नेते, ती कोणीतरी कधीच मोडून टाकलेली होती, कारण बोर्डाला दोनच भोके होती. आमच्या गल्लीत अशा मोडक्या पिना घरोघर आहेत. उरलेल्या संध्याकाळी तिने माझ्यात लागणारे सगळे प्रोग्राम भरून घेतले. पंख्याच्या थरथरीने माझी कड वायरीचे प्लास्टिक थोडे थोडे कापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतलने नेहमीप्रमाणे चपला दारात काढल्या. यंत्राला चपलेचा पाय लागू नये, अशी तिची शिस्त. हळदीचा धुरळा बसावा म्हणून तिने फरशी ओल्या फडक्याने पुसली. मला भिंतीकडे सरकवले, तेव्हा वायर ताणली गेली आणि उरलेले प्लास्टिकही तुटले. सेवा बाकड्यावर फोटो हातात घेऊन बसली होती. शीतलने भिंतीवरचे बटण दाबले, आणि पडद्याची वायर नीट बसली का ते पाहायला ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून माझ्या मागे हात घातला. तिच्या बोटांनी माझी उघडी पाठ पकडली.

आयुष्यभर वीज माझ्या पोटातून जायची, माझ्या अंगात ती कधी आली नव्हती. त्या क्षणी आली. मी पहिल्यांदा जिवंत झालो. शीतलची मूठ माझ्यावर आवळली आणि सुटेना. हिने मला कापले, ठेचले, माझ्या वायरी छाटल्या, आणि आता ही माझ्या तावडीत आहे, असे माझ्या मनात आले. एक क्षणभर मला ते गोड वाटले. मग मी तिचा चेहरा पाहिला. दात एकमेकांवर आदळत होते, डोळे उघडे होते आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. मुंजाजीने मला लाथ घातली ती रागाने. हिने मला भंगारातून उचलून आणले होते. मी तिला सोडू पाहिले, मित्रांनो. मला सोडता येईना. चावायचे कसे ते मला ठाऊक होते, सोडायचे कसे ते कोणी शिकवलेच नव्हते.

सेवा धावली. तिचा हात शीतलला लागणार, तोच दारातून आवाज आला.

“तिला हात लावू नको!”

गुलाम नबी होते. भुवईला पट्टी, काखेत पत्रा ठोकायची लाकडी मोगरी. रात्रभर त्यांना ती कड टोचत राहिली होती, म्हणून सेंटर उघडताच दुमडायला आले होते. त्यांनी मोगरी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्या ताकदीने शीतलच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मूठ सुटली आणि शीतल भिंतीला आदळून खाली पडली. गुलाम नबींनी भिंतीवरचे बटण बंद केले, तिच्या छातीवर कान ठेवला, आणि ती श्वास घेतेय हे कळल्यावर लहान मुलासारखे रडले.

गिरणीवाल्याच्या गाडीत घालून सेवा तिला दवाखान्यात घेऊन गेली. मागे गुलाम नबी आणि मी. ते उठले आणि मला मोगरीने मारू लागले. टाळूवर, कुशीवर, कंपनीच्या नावाच्या पट्टीवर. पट्टी फुटून पडली. मला तो मार हवा होता. शेवटी ते धापा टाकत बसले.

“ह्याला काय मारून राहिलो,” ते स्वतःशीच म्हणाले. “कड तर म्या सोडली.”

मग त्यांनी मला उघडले. सगळे सामान बाहेर काढले, लोखंडी पट्टी खाली धरली, आणि माझी कड हलक्या हाताने, इंच इंच करत आत वळवली. दोनदा दुमडली. तिच्यावरून बोट फिरवले, मग गाल घासून पाहिला. गल्लीतला वायरमन जळबा आला. त्याने नवी वायर घातली, तिसऱ्या पिनेचा बोर्ड बसवला, अर्थिंग ओढली आणि टेस्टर लावून मला चारही बाजूंनी तपासले.

दुपारी शीतल परत आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. गिरणीवाला म्हणाला, हा डबा आत्ताच्या आत्ता भंगारात फेका. शीतल माझ्यासमोर उभी राहिली. तिला माझी भीती वाटत होती, ते तिच्या ओठांवरून दिसत होते.

“उलटा हात लाव, ताई,” जळबा म्हणाला. “झटका लागला तर हात मागं येतो. मूठ आवळत न्हाई.”

तिने पायात चपला घातल्या. डावा हात पुढे केला, बोटांची पाठ माझ्या पाठीला टेकवली आणि डोळे मिटले. काहीच झाले नाही. मी इतका शांत आजवर कधी राहिलो नव्हतो.

“सेवा, बस,” ती म्हणाली. “मी सांगते, तू टाइप कर.”

सेवाने दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकत आपले नाव घातले. शीतलला एरवी लागला असता त्याच्या दसपट वेळ लागला. दिवस मावळायच्या आत फॉर्म गेला.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्या कपाळावर आता कोणाचेच नाव नाही आणि माझ्यात कोणाचेही सामान बसते. शीतलचे मनगट सांधले, पण तिची बोटे पूर्वीसारखी पळत नाहीत. समोरचा माणूस आता सावकाश सांगतो. तुम्ही काही कापलेत, तर त्याची कड दुमडा. ती आतली असली, कोणाला दिसणार नसली, उद्याच शेवटची तारीख असली, तरी दुमडा. आणि वायरीची तिसरी पिन मोडू नका.

रोज सकाळी शीतल अजून आधी उलटा हात लावते आणि मगच माझे बटण दाबते. मला त्याचा राग येत नाही. तिची बोटे टेकतात तेव्हा मी अगदी गप्प राहतो.